टेंभू ते काले: आजीव सेवेची प्रथा आणि कराडचा परिसर

आपले काम आपण निवडणे ही गोष्ट महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांच्या वाट्याला फार उशिरा आली. कृष्णा आणि कोयना यांच्या खोऱ्यातील गावगाडा वतन आणि बलुते या दोन व्यवस्थांवर चालत असे. वतन म्हणजे गावकीचे वंशपरंपरेने चालत आलेले काम आणि त्या कामाबद्दल मिळणारी जमीन किंवा हक्क, तर बलुते म्हणजे सुतार, लोहार, चांभार, न्हावी आदी कारागिरांना वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीच्या वेळी मिळणारा धान्याचा वाटा. पाटलाचा मुलगा पाटीलकी करी, लोहाराचा मुलगा भात्यावर बसे, आणि कोणी कोणाबरोबर कसे वागावे हेही कामाबरोबरच ठरून आलेले असे. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर कराडसारख्या तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरी, न्यायालय, सरकारी शाळा आणि दवाखाना आला, आणि जन्माने न ठरलेले काम म्हणजे सरकारी नोकरी असा नवा पर्याय काही थोड्या घरांपुढे उभा राहिला. त्या नोकरीची पहिली पायरी म्हणजे उमेदवारी; पुढेमागे जागा रिकामी होईल या आशेवर कचेरीत विनावेतन किंवा नाममात्र मोबदल्यावर नकला करीत बसणे असा तिचा अर्थ होता. पुढील दोन पिढ्यांनी ज्या निवडी केल्या त्या या उमेदवारीच्या पार्श्वभूमीवर पाहिल्या, तरच त्यांचे वजन कळते.

वतन आणि सरकारी नोकरी या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाराष्ट्रात निघाला. त्याला पुढे आजीव सदस्यत्व किंवा आजीव सेवा असे नाव पडले. मोठ्या पगाराची आशा सोडून, एखाद्या शिक्षणसंस्थेला ठरावीक अल्प वेतनावर उमेदीची सारी वर्षे वाहून घ्यायची आणि ती संस्था चालवण्याचा अधिकार अशा सेवकांनीच आपसांत वाटून घ्यायचा, असे या प्रथेचे स्वरूप होते. नोकर आणि मालक असे दोन पक्ष तीत नव्हते, आणि म्हणूनच सहकाऱ्यांमधील संबंध हा तिचा कणा होता. या प्रथेच्या इतिहासातील दोन निर्णायक टप्पे कराड तालुक्यातील दोन खेड्यांशी जोडलेले आहेत: गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव टेंभू आणि रयत शिक्षण संस्थेचे जन्मस्थान काले. टेंभू हे नाव आज बहुतेकांच्या कानावर पडते ते कृष्णेचे पाणी सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांकडे उचलून नेणाऱ्या उपसा सिंचन योजनेमुळे. याच गावात १४ जुलै १८५६ रोजी आगरकर जन्मले हे शाळेच्या पाठ्यपुस्तकातील एका ओळीपलीकडे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही, ही खेदाची बाब आहे.

आगरकरांच्या घरची स्थिती अत्यंत बेताची होती. कराडला थोडेबहुत इंग्रजी शिक्षण झाल्यावर त्यांच्यापुढे जो मार्ग होता तोच त्यांनी प्रथम धरला आणि कराडच्या कचेरीत उमेदवारी केली. पुढे शिकण्याच्या ओढीने ते घाट उतरून पायी रत्नागिरीस गेले, तेथे निर्वाह जमेना म्हणून परत आले, आणि काही काळ कराडच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राहिले. त्यानंतर नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी अकोला गाठले आणि १८७५ मध्ये तेथून मॅट्रिकची परीक्षा दिली. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक त्यांना लाभला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जाण्याची वाट मोकळी झाली. कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी अंगात घालावा लागे, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मात्र तिच्याकडे केवळ गरिबीचे उदाहरण म्हणून पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट सुटते. ज्या मुलाने कारकुनी आणि कंपाउंडरी ही दोन्ही कामे स्वतः करून पाहिली होती, त्याला पगार म्हणजे काय आणि पगार नसणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे त्याने पगाराकडे पाठ फिरवली ती या माहितीनिशी फिरवली.

त्या काळच्या गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च कसा भागे हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून प्रत्येक घरी एकेक दिवस जेवणे, आणि माधुकरी मागणे या दोन रूढींच्या आधाराने ब्राह्मण मुलगा परक्या गावात राहून शिकू शके. या रूढींत अपमान होता, आश्रितपणा होता, पण पोट भरे. कुणबी, मांग किंवा महार मुलाला असा वार कोणी देत नसे. एका समाजाचा गरीब मुलगा एम. ए. पर्यंत पोहोचतो आणि दुसऱ्या समाजाचा तितकाच गरीब मुलगा गावाच्या शाळेतही टिकत नाही, याचे एक साधे, पोटाशी निगडित कारण येथे सापडते. ते कारण ओळखून त्यावर उपाय करणारा माणूस कराड परिसरात यायला आणखी चाळीस वर्षे लागणार होती.

डेक्कन कॉलेजात आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांची मैत्री झाली. टिळक तेव्हा कायद्याचा अभ्यास करीत होते. सरकारी नोकरी धरायची नाही आणि स्वतःची शाळा काढायची, असा निश्चय १८७९ च्या सुमारास दोघांनी रात्र रात्र चर्चा करून केला. त्याच वेळी विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून पुण्यात शाळा काढण्याच्या बेतात होते, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. चा अभ्यास पुरा करून आगरकर तेथे दाखल झाले. या निवडीविषयी त्यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र मराठी सार्वजनिक जीवनातील एक मौल्यवान कागद मानले जाते. मोठ्या परीक्षा देणारा आपला मुलगा आता मोठ्या पगाराची जागा मिळवील आणि आपले कष्ट संपतील, असे मनोरथ आईने करू नयेत, आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ परहितार्थ घालवणार आहोत, असा त्या पत्राचा आशय आहे. निर्णय आधी झाला आणि आईला नंतर कळवला गेला, हे त्यातून स्पष्ट दिसते. तरीही कळवण्याची गरज त्यांना वाटली, कारण त्या घरात मुलाचे शिक्षण ही सगळ्या कुटुंबाची गुंतवणूक होती आणि ती आता परत येणार नव्हती. आईची संमती मागितलेली नाही, पण तिच्या अपेक्षेचा हक्क मान्य केलेला आहे.

शाळेपाठोपाठ १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली, आणि ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या कारभारावरील लेखनाबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा होऊन त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या घटनेत आजीव सदस्याची कल्पना नियमबद्ध झाली. आजीव सदस्याने किमान वीस वर्षे संस्थेत शिकवायचे, महिना ७५ रुपयांच्या घरात वेतन घ्यायचे, आणि संस्थेचा कारभार अशा सर्व सदस्यांच्या मंडळाने बहुमताने चालवायचा, अशी ती योजना होती. सदस्याच्या पश्चात कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून त्याच्या आयुष्याचा विमाही उतरवला जाई. या योजनेमागे टिळकांच्या मनात जेसुइटांचे उदाहरण होते. जेसुइट हे दारिद्र्याचे व्रत घेऊन जगभर शाळा चालवणारे कॅथलिक धर्मगुरू होत. फरक एवढाच, की जेसुइट ब्रह्मचारी असतात आणि पुण्याचे हे तरुण संसारी होते.

या एका फरकातून पुढचे पुष्कळसे दुःख उद्भवले. टिळक आणि आगरकर यांच्यातील फूट सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी या वादातून पडली असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि ‘केसरी’पुरते ते खरे आहे, त्याच मतभेदातून १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. पण सोसायटीच्या आतील भांडणाचे कागद पाहिले तर तेथे सुधारणेपेक्षा सेवेच्या अटीच अधिक दिसतात. वेतनात थोडी वाढ करावी की करू नये, अडचणीतल्या सदस्याला संस्थेने काही रक्कम द्यावी की नाही, संस्थेला मिळालेल्या देणगीवर कोणाचा हक्क, आणि सर्वांत कळीचा प्रश्न म्हणजे शाळा-कॉलेजाचे तास संपल्यावर उरलेला वेळ सदस्याचा की संस्थेचा, अशा मुद्द्यांवर वर्षानुवर्षे बैठका झडत राहिल्या. टिळकांची भूमिका अशी होती की ज्याने व्रत घेतले त्याने बाहेरची मिळकत आणि बाहेरची कामे दोन्ही सोडली पाहिजेत, नाही तर संस्था उत्पन्नाचे एक साधन होऊन बसेल. आगरकरांचे म्हणणे असे होते की वेतन मुळातच थोडे असताना संसारी माणसाला फुरसतीच्या वेळेत लेखन करून चार पैसे मिळवण्यास मज्जाव करणे अन्यायाचे आहे, आणि लोकांना विचार सांगणे हेही शिक्षणाचेच काम आहे. १८९० मध्ये सोसायटीचे आजीव सदस्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे, म्हणजे बाहेरच्या एका राजकीय संस्थेचे, चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपाला गेला आणि वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सविस्तर निवेदन लिहून राजीनामा दिला.

दोघांपैकी कोणाचे बरोबर होते याचा निवाडा आज करणे सोपे नाही, पण एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. टिळकांची भीती खोटी नव्हती; पोटापुरते वेतन हीच ज्या संस्थेची प्रतिष्ठा, तिच्यात बाहेरची मिळकत शिरली की सदस्यासदस्यांत विषमता येते आणि समानांची मंडळी समान राहत नाही. पण ज्या नियमात आगरकरांसारख्या दम्याने पोखरलेल्या, वाढत्या संसाराच्या माणसाला आपल्या अडचणी बहुमतासमोर मांडून त्यांवर मत घ्यावे लागते, त्या नियमात स्नेह टिकणे फार अवघड असते. व्रताच्या कलमांत वेतन किती, वर्षे किती हे लिहिले होते. मते न पटणाऱ्या दोन मित्रांनी एकाच टेबलाभोवती वीस वर्षे कसे बसावे हे त्यांत कोठेच नव्हते. १८७९ मध्ये या तरुणांनी कामाची निवड केली असे आपण म्हणतो. खरे तर त्यांनी एकमेकांची निवड केली होती, आणि संस्थेचे नियम करताना नेमकी हीच बाब गृहीत धरली गेली.

प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले. आपल्या प्रेतसंस्काराचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई यांच्याविषयी मात्र या इतिहासात थोडेच लिहिले गेले, आणि ही त्रुटी केवळ त्यांच्यापुरती नाही. आजीव सेवेचे व्रत ज्या ज्या घरात शिरले तेथे शपथ एकाने घेतली आणि काटकसर दुसऱ्या कोणी तरी केली.

आगरकरांनंतर ही प्रथा मोडली नाही, पसरली. गोखले १९०२ पर्यंत फर्ग्युसनमध्ये राहिले आणि १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन करून आजीव सेवेची कल्पना शिक्षणातून राजकारण आणि समाजकार्यात नेली. टिळकांच्या जाण्यानंतर गणित शिकवण्यासाठी आलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याच्या आपल्या संस्थांसाठी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ काढला, तो त्याच धर्तीवर. तरीही हे सारे पदवीधरांचे व्रत होते, आणि पदवीधर त्या काळी मुख्यतः एकाच समाजातून येत. ज्याच्याजवळ मोठ्या पगाराची शक्यताच नाही त्याला तिचा त्याग कसा करता येणार? कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत ही प्रथा पोहोचायची तर तिला दुसऱ्या वाटेने यावे लागणार होते, आणि ती वाट शाळेऐवजी कारखान्यातून निघाली.

दक्षिणेकडे जाणारी रेल्वे कराडजवळून गेल्यावर या मार्गावरच्या स्थानकांभोवती दोन औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना, त्यांना मिळायला हवी असलेली बढती वंशभेदामुळे दुसऱ्याला दिली गेल्यावर, नोकरी सोडावीशी वाटली. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचा व्यवहार आणि पुढे शेतीच्या अवजारांचा कारखाना चालवला. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथील माणसांची निवड लक्षणीय होती: रामुअण्णा वस्तीची व्यवस्था पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, शाळेत न टिकलेले अनंतराव फळणीकर यंत्ररचनेत रमले, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी राखणीचे काम विश्वासाने सोपवले. कराड स्थानकाजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला, आणि त्या वस्तीचे नाव ओगलेवाडी पडले. वडिलांच्या नावावरून ‘प्रभाकर’ म्हटलेला त्यांचा कंदील पुढे घरोघरी पोहोचला. काचेच्या भट्टीचा विस्तव रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, तो दिवसरात्र धगधगत ठेवावा लागतो. एक जण नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो, दुसरा फुंकर मारून तो साच्यात फुगवतो, तिसरा कडा कापतो, चौथा ती काच सावकाश निवण्यासाठी नेऊन ठेवतो, आणि यांतल्या एकाचा हात चुकला तर बाकीच्यांची मेहनत फुटते. जातीने वेगवेगळ्या आळ्यांत राहणारी माणसे येथे पाळीपाळीने एका भट्टीभोवती उभी राहू लागली.

लोखंडी नांगराचा आणखी एक परिणाम झाला, ज्याकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. लाकडी नांगर सुतार घडवी, लोहार त्याचा फाळ शेवटी, आणि दोघांना सुगीत बलुते मिळे. कारखान्याचा नांगर रोखीने घ्यावा लागे आणि त्याचे सुटे भागही विकत मिळत. नांगर विकणारा माणूस गावात शिरला की तो शेतकऱ्याला नवे अवजार देई, आणि नकळत गावातल्या जुन्या कामाच्या नात्याला धक्काही लावी. असा नांगर विकणाऱ्यांपैकी एक होते भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला, आणि त्यांचे शिक्षण कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात मॅट्रिकच्या आतच संपले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून ते राहत होते ते वसतिगृह त्यांना सोडावे लागले. साताऱ्याला त्यांनी खासगी शिकवण्या केल्या, आणि पुढे ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या तीन कारखान्यांसाठी काम केले. फिरत्या विक्रेत्याचे हे काम त्यांच्या पुढील कार्याच्या दृष्टीने वाया गेले नाही. नांगर विकायचा म्हणजे गावच्या पाराशी बसून चार लोक जमवायचे, शिवारात नांगर चालवून दाखवायचा, शंका फेडायच्या आणि रक्कम वसूल करायला पुन्हा त्याच गावी यायचे. शेतकरी कुठे फसतो, कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कसे कळत नाही, हे अशा फेऱ्यांतच समजते. कूपर यांच्याशी पुढे मतभेद होऊन ते त्या उद्योगातून बाहेर पडले, पण तोवर त्यांचे खरे काम सुरू झाले होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. तेथे सत्यशोधक समाजाची, म्हणजे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या आणि भटशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीची, परिषद भरली होती. संस्थेचे आरंभीचे मुख्य काम शाळा काढणे हे नव्हते, वसतिगृह चालवणे हे होते, आणि वर सांगितलेल्या वाराच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. ज्या मुलाला गावातली सात घरे जेवायला बोलावणार नाहीत त्याच्यासाठी भाऊरावांनी एकच चूल मांडली. १९२४ मध्ये वसतिगृह साताऱ्याला आले, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसू लागली. पाणी आणणे, लाकूड फोडणे, स्वयंपाक, शेतातले काम हे मुलांनीच करायचे असा नियम होता. ‘कमवा आणि शिका’ या नावाने पुढे जी योजना प्रसिद्ध झाली तिचे मूळ येथे आहे. एकदा मुलांच्या जेवणासाठी घरात काही उरले नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या वारल्या. यशोदाबाईंच्या वाट्याला न आलेली कृतज्ञता संस्थेने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येऊ दिली, तिच्या इतिहासात त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेतले जाते, हे नमूद करण्यासारखे आहे.

पुण्याच्या व्रतात आणि सातारच्या व्रतात जो फरक पडला तो येथून. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य हा शिकून तयार झालेला माणूस होता आणि त्याने भविष्यातील मिळकत सोडून संस्था निवडली. रयतचा आजीव सेवक बहुधा संस्थेच्याच चुलीवर जेवून शिकलेला होता, आणि सेवा त्याला परतफेड वाटे. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले, त्यानंतर खेडोपाडी साडेपाचशेहून अधिक स्वयंसेवी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या, आणि त्यांत शिकवणारे तरुण मोठ्या प्रमाणात त्याच मुशीतून आले. शाहू बोर्डिंगात वाढलेले पां. ग. पाटील इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले, पण वकिलीऐवजी त्यांनी रयतमध्ये शिकवणे पत्करले. ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या परतफेडीच्या भावनेने संस्थेला विलक्षण निष्ठा मिळवून दिली. तिची दुसरी बाजूही होती. ज्याचे आपण देणे लागतो त्याच्याशी वाद घालणे कठीण असते, आणि टिळक-आगरकरांच्या बैठकांत जी समानतेची झुंज दिसते ती वडीलधाऱ्या ‘अण्णां’च्या, म्हणजे भाऊरावांच्या, भोवती जमलेल्या सेवकांत फारशी दिसत नाही. भांडणाचा धोका टळला तो वडिलकीमुळे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

याच काळात कराडमध्ये निवडीचा एक निराळा प्रकार घडत होता. यशवंतराव चव्हाणांचे वडील न्यायालयात बेलिफ, म्हणजे समन्स आणि जप्तीचे हुकूम बजावणारे कर्मचारी होते, आणि त्यांच्या अकाली निधनानंतर थोरल्या भावाला तीच नोकरी मिळाली. आगरकरांच्या उमेदवारीपासून पन्नास वर्षांनीही कराडच्या गरीब घराला आधार कचेरीचाच होता. टिळक हायस्कुलात शिक्षकांनी मुलांना मोठेपणी कोण होणार ते लिहायला सांगितले, तेव्हा इतरांनी थोरांची नावे लिहिली आणि यशवंतरावांनी आपण यशवंतराव चव्हाणच होणार असे लिहिले, ही त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात सांगितलेली आठवण सर्वश्रुत आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी आठवण त्यांच्या आईची, विठाबाईंची आहे. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या मुलाला भेटायला त्या गेल्या असता, माफी मागितली तर सुटका होईल अशी सूचना बरोबरच्या शिक्षकांनी केली. माफी कशाची मागायची, असे म्हणून विठाबाईंनी ती तेथल्या तेथे बाजूला सारली आणि मुलाला प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितले. आगरकरांच्या पत्रात आई ऐकणारी आहे, उत्तर देणारी नाही. येथे मुलाच्या निवडीचे दायित्व आईने बोलून स्वतःकडे घेतले. दोन घटनांमधील अर्ध्या शतकात या खोऱ्यातील घराघरांत जे बदलले ते मोजण्यास याहून चांगले माप मिळणे कठीण.

स्वातंत्र्यानंतर रयतचा विस्तार झपाट्याने झाला. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, तर १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या संताचे नाव महाविद्यालयाला देणे हीसुद्धा श्रमाच्या प्रतिष्ठेविषयीची एक भूमिका होती. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. संस्थेचे कर्मचारी आजही स्वतःला रयत सेवक म्हणवतात, पण त्यांच्या सेवेचा पाया बदलला आहे. खासगी शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा भार शासनाने उचलल्यावर पोटापुरत्या पैशावर राहण्याचा प्रश्न मागे पडला, आणि महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी कायदा (१९७७) लागू झाल्यावर नेमणूक, कायमपण, शिस्तभंगाची चौकशी आणि बडतर्फीविरुद्ध दाद या सर्व गोष्टी लिखित नियमांत आल्या. वेतनश्रेणी ठरली, निवृत्तिवेतनाची सोय झाली, आणि अडचणीतल्या शिक्षकाला सहकाऱ्यांच्या बहुमतापुढे हात जोडून उभे राहण्याची वेळ उरली नाही. हा कायदा आगरकरांच्या हयातीत असता तर त्यांच्या अखेरच्या वर्षांतील पुष्कळ मनस्ताप वाचला असता. शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकाने दुसरे कोणते काम करावे, शिकवण्या घ्याव्यात की नाही, यावर मर्यादा घालणारी तरतूद मात्र शिक्षकांच्या सेवानियमांत आहेच, आणि तिच्या अर्थावरून शाळाशाळांत अजून वाद होतात.